आंबेनळी घाटाचा चढ आणि छोट्या गाडीचे तीन गिअरबॉक्स

आमचे मूळ गाव पोलादपूर तालुक्यात आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि तेथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर हा रस्ता वर्षातून पाच-सहा वेळा घडतो. जाताना गाडी हलकी असते आणि घाटाचा मोठा भाग उताराचा असतो. खरी परीक्षा परतीच्या प्रवासात होते. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटरवर आहे. म्हणजे साधारण 40 किलोमीटरच्या रस्त्यात गाडीला तेराशे मीटर वर चढायचे असते, आणि तेही मोसमाप्रमाणे डिकीत तांदळाचे पोते, नारळ, आंब्याच्या पेट्या आणि एखादा फणस घेऊन. छोटी गाडी घेताना लोक मायलेज, डिकी आणि स्क्रीन यांची चौकशी करतात. मात्र पाच माणसे बसवून ती घाट कसा चढेल आणि त्यात कोणता गिअरबॉक्स सोयीचा पडेल, याबद्दल लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही. गेल्या तीन वर्षांत याच रस्त्यावर मी तीन वेगवेगळ्या गिअरबॉक्सच्या गाड्या भरल्या ओझ्यासह चालवल्या, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

तीन गाड्यांची ओळख आधी करून देतो. पहिली माझी स्वतःची, 2022 नंतरची 1.2 लिटर वॅगन आर, पाच गिअरची मॅन्युअल. दुसरी धाकट्या बहिणीची, तीच गाडी आणि तेच इंजिन, परंतु एएमटी गिअरबॉक्सची, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः सांभाळते अशी. मारुती सुझुकी त्याला ऑटो गिअर शिफ्ट म्हणजे एजीएस म्हणते. तिसरी एका जुन्या मित्राची 2019 ची बलेनो, सीव्हीटी गिअरबॉक्सची, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक. बलेनो वॅगन आरपेक्षा मोठी आणि महाग गाडी आहे हे खरे, पण तिच्यातले इंजिन त्याच घराण्यातले 1197 सीसीचे आहे, आणि म्हणूनच ही तुलना मला करण्याजोगी वाटली. इंजिन जवळजवळ सारखे असताना फक्त गिअरबॉक्स बदलला की घाटात काय फरक पडतो, हे एरवी इतक्या स्वच्छपणे कळत नाही. बलेनोमधला सीव्हीटी 2022 मध्ये बंद होऊन तिथेही एजीएस आला. परंतु सेकंड हँड बाजारात या गाड्या अजून पुष्कळ मिळतात.

अनुभव सांगण्यापूर्वी थोडा हिशोब मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वॅगन आरचे स्वतःचे वजन साडेआठशे किलोच्या आसपास आहे. चार मोठी माणसे, एक मूल आणि सामान धरले की ते साडेबाराशे किलोपर्यंत जाते. एवढी गाडी 100 मीटरला 10 मीटर चढणाऱ्या रस्त्यावरून ताशी 30 किलोमीटरने न्यायची असेल, तर चाकांना सुमारे 15 ते 16 अश्वशक्ती लागते. कागदावर इंजिन 90 अश्वशक्तीचे आहे. मग अडचण कुठे आहे, असे कोणीही विचारेल. अडचण अशी की ते 90 मिनिटाला 6,000 फेरे झाल्यावर मिळतात, आणि 113 न्यूटन-मीटरचा टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोरही 4,000 फेऱ्यांच्या वर गेल्यावरच पूर्ण हाती येतो. तिसऱ्या गिअरमध्ये तिशीच्या वेगाला इंजिन दीड हजार फेऱ्यांवर फिरत असते आणि तिथे पूर्ण रेस देऊनही जेमतेम 20 अश्वशक्ती निघते. त्यातून एसी आपला वाटा घेतो, आणि वर जावे तशी हवा विरळ होत असल्याने हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते. शिल्लक जवळजवळ काहीच उरत नाही. तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली की फेरे सव्वादोन-अडीच हजारांवर जातात आणि हाताशी तीसहून अधिक अश्वशक्ती येते. म्हणजे छोटी गाडी घाट चढते की नाही, याचे उत्तर इंजिनापेक्षा योग्य वेळी योग्य गिअर पडतो की नाही यात अधिक आहे.

मॅन्युअल गाडीत हा निर्णय माझा असतो. पोलादपूर सोडल्यावर पहिले काही किलोमीटर रस्ता ओढ्याच्या आणि शेताच्या कडेने जातो, तिथे तिसरा-चौथा आरामात चालतो. प्रत्यक्ष घाट सुरू झाला की मी गाडी दुसऱ्यात घालतो आणि बहुतेक वेळ दुसऱ्यातच ठेवतो. इंजिनाचा आवाज वाढतो. सोबत बसलेल्यांना वाटते की गाडीला त्रास होतो आहे, आणि माझे वडील तर दर वेळी "अरे, वरचा टाक की" असे म्हणतात. परंतु पेट्रोल इंजिनाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर काहीही त्रास होत नसतो. त्याला खरा त्रास होतो तो वरच्या गिअरमध्ये दाबून धरले, फेरे पडले आणि बॉनेटखालून ठोकल्यासारखा खडखडाट येऊ लागला की. वळणांचे गणित थोडे वेगळे आहे. आंबेनळीत काही वळणे इतकी अरुंद आणि आतल्या बाजूने इतकी उभी आहेत की गाडीचा वेग 12 ते 15 किलोमीटरवर येतो, आणि त्या वेगाला दुसऱ्यात फेरे हजार-बाराशेवर घसरतात. अशा वळणाआधीच पहिला टाकून घ्यावा लागतो. वळणात शिरल्यावर, स्टिअरिंग पूर्ण फिरलेले असताना, एका हाताने पहिला शोधत बसणे धोक्याचे असते. वॅगन आरमध्ये गिअरचा दांडा हाताशी आहे, स्टिअरिंगवरून हात लगेच तिथे पोहोचतो आणि क्लचही हलका आहे. या दोन गोष्टींचे मोल घाटातच कळते. तासाभराच्या चढात शंभरेक वेळा तरी क्लच दाबला जातो, त्यामुळे महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचेपर्यंत डावा गुडघा बोलू लागतो हे मात्र मान्य केले पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्या चालकांनी याचा विचार जरूर करावा.

एएमटीबद्दल जास्त लिहिणे भाग आहे, कारण आज छोट्या गाडीत ऑटोमॅटिक म्हटले की बहुतेक वेळा तोच मिळतो आणि त्याच्याविषयी गैरसमजही तितकेच आहेत. आपल्याकडे तो 2014 च्या फेब्रुवारीत सेलेरिओबरोबर आला आणि मॅन्युअलपेक्षा चाळीस-पन्नास हजार जास्त मोजून ऑटोमॅटिक मिळू लागल्यामुळे झपाट्याने पसरला. मुळात हा वेगळा गिअरबॉक्स नाही. आत तीच पाच गिअरची पेटी आणि तीच क्लच प्लेट असते. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तुमच्या हातापायाऐवजी संगणकाच्या हुकमाने एक यंत्रणा करते. या यंत्रणेला आपल्यासारखे पुढचे दिसत नाही. पुढे वळण आहे, वळणानंतर चढ आणखी उभा होणार आहे, वरून एसटी येते आहे, यातले काहीच तिला ठाऊक नसते. तिला फक्त वेग, फेरे आणि तुमच्या पायाचा दाब कळतो. शिवाय तिची मांडणी मायलेज डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. 1.2 लिटर वॅगन आरचे प्रमाणित मायलेज मॅन्युअलला लिटरमागे 23.56 आणि एजीएसला 24.43 किलोमीटर आहे. ऑटोमॅटिक असून ते जास्त आहे, याचे एक कारण हेच की ती यंत्रणा संधी मिळताच वरचा गिअर टाकते. सपाट रस्त्यावर ही सवय पैसे वाचवते, घाटात मात्र नेमकी उलटी पडते.

बहिणीची गाडी पहिल्यांदा वर आणली तेव्हा मी दांडा डी वर ठेवूनच, म्हणजे सगळे गिअर यंत्रणेवर सोपवून, निघालो होतो. एका वळणाआधी पाय सैल केला, यंत्रणेला वाटले आता जोर नको आहे आणि तिने तिसरा टाकला. वळण संपता संपता मी रेस दिली. तिने क्लच सोडवला, दुसरा टाकला, पुन्हा क्लच जोडला. या सगळ्याला सेकंदभर लागला असेल. सपाटीवर तो सेकंद नुसत्या मानेच्या झुकण्यावर निभावतो. पण दहा टक्क्यांच्या चढावर इंजिनाची ओढ तुटली की गाडीचा वेग दर सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरने उतरतो, आणि मुळात वेग असतो 18 ते 20. एवढे कमी झाल्यावर दुसराही पुरेनासा होतो आणि यंत्रणा लगेच पहिला टाकते, म्हणजे आणखी एक सेकंद जातो. मागच्या सीटवरून बहिणीने विचारले, "दादा, गाडी मध्येच अडते का रे?" गाडी अडत नव्हती, ती आपल्या जागी बरोबर वागत होती, पण तिला रस्ता दिसत नव्हता. हा कोणा एका कंपनीचा दोष म्हणता येणार नाही, एकच क्लच असलेल्या या रचनेचाच तो स्वभाव आहे आणि कमी-अधिक प्रमाणात सगळ्याच छोट्या एएमटी गाड्यांत तो आढळतो.

उपाय गाडीतच दिलेला आहे आणि तो न वापरताच बरेच लोक एएमटीला नावे ठेवतात. दांडा बाजूला सरकवून एम वर घेतला की गिअर तुमच्या सांगण्याप्रमाणे राहतो. मी वाडा कुंभरोशीला, जिथे प्रतापगडाचा फाटा फुटतो, तिथे चहासाठी थांबलो आणि पुढचा सगळा रस्ता, मेटतळ्याची वळणे धरून, एम वर दुसरा लावून चढलो. फरक इतका पडला की बहिणीने गाडी बदलल्यासारखी वाटते असे म्हटले. आता पाय सैल केला तरी दुसरा सुटत नव्हता, वळणातून बाहेर पडताच ओढ तयार असायची, आणि अगदीच वेग पडला तर पहिला यंत्रणा स्वतः टाकत होती. जिथे पहिला लागणारच हे दिसत होते तिथे मी तो वळणाआधीच दांड्याने पाडून घेतला. या पद्धतीने चालवलेली एएमटी मॅन्युअलच्या नव्वद टक्के जवळ येते असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि डाव्या पायाला काम नसल्याने तासाभरानंतर माणूस ताजा राहतो. उरलेले दहा टक्के ओव्हरटेक करताना जाणवतात. मालाने भरलेला टेम्पो पुढे असेल आणि मोकळा रस्ता शंभर-दीडशे मीटरच दिसत असेल, तर मॅन्युअलमध्ये मी जाईन, एएमटीमध्ये थांबेन.

चढावर थांबून पुन्हा निघणे हा प्रसंग स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे, कारण नवशिक्यांची सगळी भीती तिथेच असते. उभ्या रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असा नियम आहे. प्रत्यक्षात वरून येणारी मोठी गाडी वळणात अर्धी शिरलेली असते आणि थांबावे आपल्यालाच लागते. मॅन्युअलमध्ये हँडब्रेक ओढायचा, क्लच अर्धा सोडून बॉनेट किंचित उचलल्यासारखे झाले की रेस देत हँडब्रेक सोडायचा, ही जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे. 2022 पासूनच्या एजीएस वॅगन आरमध्ये हिल होल्ड दिलेला आहे, म्हणजे ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवली जाते आणि तेवढ्यात रेस देता येते. पाच माणसांसह उभ्या चढावर मी तो चार वेळा मुद्दाम करून पाहिला. गाडी बोटभरही मागे आली नाही. मात्र तो क्षण छोटा असतो. रांग लागली असेल तर हँडब्रेकच ओढून ठेवावा.

याउलट काही वर्षांपूर्वी भाड्याने घेतलेल्या एका छोट्या एएमटी गाडीत, जिचे आणि जिच्या मालकांचे नाव मी घेत नाही, मी घाटातल्या कोंडीत वीस मिनिटे गाडी नुसत्या रेसवर तोलून धरली. तिच्यात हिल होल्ड नव्हता आणि मला हे काम ब्रेकचे आहे याची जाणीव नव्हती. थोड्या वेळाने आधी जळक्या रबरासारखा, मग भाजलेल्या पत्र्यासारखा वास येऊ लागला, डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी कडेला घेऊन अर्धा तास थंड करावी लागली. एएमटीमध्ये क्लच दिसत नसला तरी तो असतो, आणि चढावर रेसने गाडी तोलणे म्हणजे मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच दाबून उभे राहण्यासारखेच आहे. ऑटोमॅटिक घेणाऱ्या प्रत्येकाला गाडी ताब्यात देताना ही एक गोष्ट समोर उभे राहून सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सीव्हीटीचा चढ वेगळ्याच जातीचा आहे. तिथे ठरावीक गिअरच नाहीत. दोन पुल्यांमधून फिरणारा पोलादी पट्टा पुल्यांचा व्यास बदलेल तसे प्रमाण बदलत राहतो, त्यामुळे ओढ तुटण्याचा प्रश्नच येत नाही. बलेनो घेऊन चढताना वळणावर पाय सैल करून पुन्हा दाबला की फेरे आधी वर जातात, एका सुरात तिथेच टिकतात, आणि मग गाडी त्या सुरात सरकत वर येते. गचका नाही, मान हलत नाही, मागे बसलेल्या आईला संपूर्ण घाटात एकदाही मळमळले नाही, ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा घडली. घाटात उलटीचा त्रास होणाऱ्यांसाठी सीव्हीटीसारखा दुसरा गिअरबॉक्स नाही. त्याच्या उणिवाही आहेत. पायाचा दाब आणि गाडीचा वेग यांचा मेळ हाताशी लागत नाही. जोराने दाबले की आवाज लगेच वाढतो आणि वेग मागाहून येतो, त्यामुळे आपण गाडीला उगाच पिळतो आहोत असे वाटत राहते. सवय झाली की पाय हळू दाबला जातो आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो. उभ्या चढावर दांडा एल वर, म्हणजे कमी वेगाच्या जागेवर, घेतल्यास फेरे वर टिकतात आणि वळणानंतरचा उशीरही जाणवेनासा होतो. चढावर सर्वांत आरामाचा कोण, असे विचारले तर उत्तर सीव्हीटी हेच आहे. परंतु छोट्या, खिशाला परवडणाऱ्या गाड्यांत तो आता क्वचितच मिळतो आणि जुन्या गाडीत तो नादुरुस्त झाला तर खर्च मोठा येतो, म्हणून सेकंड हँड घेणाऱ्यांनी सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उताराचा विचारही करायला हवा. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवावा, ही गोष्ट एसटीचे चालक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. मॅन्युअलमध्ये ते सोपे आहे. एएमटी डी वर ठेवून उतरले तर पाय सुटलेला पाहून यंत्रणा वरचा गिअर टाकू शकते, इंजिनाचा रोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून उतरतानाही एम आणि दुसरा हेच बरोबर. सीव्हीटीमध्ये एल लावून उतरावे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक अजूनही भेटतात. ते पेट्रोल वाचवत नाहीत, कारण गिअरमध्ये राहून उतरताना आजच्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ बंदच होते, आणि ब्रेक मात्र तापून निकामी होण्याच्या वाटेवर नेतात.

सीएनजीविषयी अनेकजण विचारतात. वॅगन आरची सीएनजी गाडी 1.0 लिटर इंजिनात आणि मॅन्युअलमध्येच येते. गॅसवर ती 57 अश्वशक्ती आणि 82 न्यूटन-मीटर देते. एक-दोन माणसांसह ती आंबेनळी बिनतक्रार चढेल, पण पाच माणसे आणि पोते असेल तर घाटाच्या पायथ्याशीच बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. 1.0 लिटर पेट्रोल आणि एएमटी ही जोडी शहरासाठी उत्तम आहे, भरल्या गाडीने वारंवार घाट चढणाऱ्यांना मी ती सुचवणार नाही. तिथे गिअर बदलण्याचे प्रसंग वाढतात आणि दर बदलात तो सेकंद जातोच.

माझा निर्णय विचाराल तर, महिन्या-दोन महिन्यांनी कुटुंबासह कोकणात ये-जा असणाऱ्याने 1.2 लिटर मॅन्युअल घ्यावी. रोज पुण्या-मुंबईच्या गर्दीत तास-दोन तास घालवणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदा घाट चढणाऱ्याने 1.2 लिटर एएमटी निःशंक घ्यावी, मात्र हिल होल्ड असलेलीच, आणि एम वापरायला शिकून. घ्यायच्या आधी शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हवर समाधान मानू नये. ती सपाट रस्त्यावर, एका विक्रेत्याला शेजारी बसवून होते आणि तिच्यातून घाटाचे काहीच कळत नाही. घरची चार माणसे सोबत न्यावीत, पुण्यात असाल तर गाडी कात्रजच्या जुन्या घाटात नेऊ देण्याचा आग्रह धरावा, एसी चालू ठेवून चढावर सुरक्षित जागी पूर्ण थांबावे आणि पुन्हा निघावे, एका वळणाआधी पाय सोडून वळणानंतर दाबावा, आणि ओढ परत येईपर्यंत मनात अंक मोजावेत. एएमटी असेल तर हेच सगळे एकदा डी वर आणि एकदा एम वर करावे.